दोन वर्षे वाया गेली

भावसिंगचा हात 'च'च्या खणावर जाऊन थांबला. एकवीस वर्षांत तो असा कधी थांबला नव्हता. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याचा हात डोक्याला विचारून चालत नाही; डोळा कागदावर, हात खणांवर आणि मन हवं तिथं. या हातांनी लग्नपत्रिका जुळवल्या होत्या, तेराव्याच्या चिठ्ठ्या, कोर्टाच्या नोटिसा, निवडणुकीची पत्रकं जुळवली होती, आणि त्यातल्या एकाही शब्दानं कधी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. आज मंगळवार होता, दुपारचे दोन वाजले होते. यवतमाळच्या बाजारामागच्या गल्लीत, पत्र्याखालच्या त्या छापखान्यात रॉकेलचा आणि शाईचा रोजचाच वास भरला होता, आणि पुढ्यात शिक्षक संमेलनाच्या स्मरणिकेचा गठ्ठा होता. अध्यक्षांचं भाषण झालं, स्वागतगीत झालं, मग ही कविता आली. निळ्या शाईत, शाळामास्तरी वळणाच्या अक्षरात लिहिलेली. 'ऐक मुला, मी सांगतो माझ्या चुकीची कथा, दोन वर्षे वाया गेली, उरली केवळ व्यथा.' हे त्यानं जुळवलं, तेव्हा मनात वेगळंच चाललं होतं, घरच्या दोडक्याच्या वेलाचं वगैरे. 'बोरीच्या बाजारी मजला डफाने घातली भूल' हेही जुळवून झालं. इथं बोटं जरा जड झाली, पण थांबली नाहीत. आणि मग तिसरं कडवं: 'सोबती मज असा मिळाला, चिखल जसा पायाला, धुतला तरीही डाग राहिला अवघ्या आयुष्याला.' चिखलातला 'च' उचलायला हात गेला आणि तिथंच राहिला. भावसिंगनं कागद उलटून खालचं नाव वाचलं. ल. हि. चव्हाण, मुख्याध्यापक, राळेगाव. लखीराम हिरासिंग चव्हाण. म्हणजे चिखल भावसिंग स्वतः होता.

आधी त्याला हसू आलं. एकोणचाळिसाव्या वर्षी, कपाळावर चष्मा चढवून, माणूस स्वतःलाच शिशाच्या अक्षरांत जुळवतो आणि ते अक्षर असतं चिखल. आतल्या खुर्चीतून मालक घनश्यामजींनी विचारलं, "काय झालं भावसिंग, तबियत ठीक आहे ना?" तो म्हणाला, "ठीक आहे जी," आणि त्यानं 'च' उचलला, 'ख' उचलला, 'ल' उचलला. शब्द बरोबर लागला. पण बोटांना तो नेहमीपेक्षा थंड वाटला.

पुढच्या ओळी हातांनी आपापल्या जुळवल्या. तो मात्र अडतीस सालच्या बोरी अरबच्या बाजारात उभा होता. लखीराम सतरा वर्षांचा, तो सोळाचा. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून दोघं बैल विकायला आलेल्या मोठ्यांबरोबर आले होते, आणि बैलांच्या ओळीपलीकडे लिंबाखाली खडी गंमत, उभ्यानं रंगणारा तमाशा, लागली होती. म्हातारा धावजी शाहीर डफ वाजवत होता, आणि बाईच्या वेषात नाचणारा त्याचा नाच्या तापानं फणफणून गाडीखाली पडला होता. गंमत रंगत नव्हती. लोक उठायला लागले तेव्हा लखीराम भावसिंगच्या कानाशी म्हणाला होता, "मी नाचू का बे?" की भावसिंगच म्हणाला होता, "तू नाच ना बे"? आत्ता, हातात खिळे असताना, त्याला पहिल्यांदाच हे नक्की आठवेना. इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं की लखीरामच पुढं झाला. लखीरामच धावजीच्या पायांवर कोसळला, लखीरामनंच दुसऱ्या दिवशी पहाटे बहिणीचा आरशांचा घागरा पोटाशी गुंडाळून तांडा सोडला, आणि नाल्याजवळ मागे वळून म्हणाला, "येतं का राहतं?" तो घागरा त्याला स्वच्छ दिसत होता, उन्हात आरसे असे चमकत होते की नाल्यातल्या म्हशींनी माना वळवल्या होत्या. पण कविता छापली जाणार होती, आणि छापलेल्या गोष्टीला एक वजन असतं. आपलं आठवणं कुठे छापलेलं आहे? त्याला वाटलं, आणखी दहा वर्षांनी कुणी ही स्मरणिका उघडली, तर सोबती खरंच चिखल असेल.

संध्याकाळी घरी त्यानं हंसाबाईला सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. नवराबायको एरवी तांड्याच्या बोलीत बोलत. पण भांडण असलं, की शेजारणीलाही कळावं म्हणून हंसाबाई मराठीत शिरायची. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि मराठीत शिरली. "चिखल? तुमाले चिखल म्हणला? मंग मी कोण, त्या चिखलात बसलेली म्हैस?"

"अवं, कविता हाय ते. यमक लागते."

"त्याच्या यमकाले आग लागो! घागरा घालून कोण नाचत होतं? त्याच्या बापापुढं कोणं तोंड उघडलं होतं? मले सारं सांगितलं माह्या बापानं, सोयरीक करताना. पोरगा बदनाम हाय पण दुसऱ्याच्या नावानं बदनाम हाय, असं म्हणला तो. म्हणूनच तर दिली मले."

भावसिंगनं ताट पुढं ओढलं. सासऱ्यानं हे म्हटलं होतं, हे त्याला सतरा वर्षांच्या संसारात आजच कळत होतं. म्हणजे कुणाला तरी खरं ठाऊक होतं. दूर उमरखेडकडच्या कुठल्याशा तांड्यावर बसून एका म्हाताऱ्यानं ते ओळखलं होतं आणि त्यावर आपली पोर दिली होती. त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हंसाबाई मराठीतच म्हणाली, "लाज वाटू द्या, अपमान झालेला माणूस इतका जेवते का?"

त्या बापापुढच्या तोंड उघडण्याची गोष्ट अशी होती. धावजीच्या फडाबरोबर दोघं दोन वर्षं फिरले. राळेगावकडे कापसाच्या मोसमात, झरी जामणीच्या जंगलातल्या गावांत मोहाच्या मोसमात, जिथं लोक मूठभर चारोळ्या देत आणि मोठ्यानं हसत. लखीराम गायचा तेव्हा बाया पदर तोंडाला लावून एकमेकींना ढकलायच्या, कारण असा लाजणारा मुरका त्यांच्यातल्या एकीलाही जमत नव्हता. भावसिंग ढोलकीवर असायचा. तळहाताला घट्टे पडले होते आणि त्या घट्ट्यांचा त्याला अभिमान होता. उपास घडले, एकदा गावकऱ्यांनी दगड मारले, एकदा पुराच्या पाण्यात तुणतुणं वाहून गेलं आणि तिघं त्याच्यामागे काठाकाठानं कोसभर धावले. पण आठवताना त्याला भूक आठवत नव्हती. आठवत होतं ते ओलं गवत, धावजीचा खोकला, आणि टरबुजाच्या वाडीत पालथं पडून, राखणदार वरून चालत असताना, लखीरामचं हसू दाबून दाबून त्याच्या अंगाला सुटलेलं कापरं. मग एक दिवस पांढरकवड्याच्या बाजारात, गंमत ऐन रंगात असताना, हिरासिंग नायक गर्दी दुभंगून पुढं आला. तांड्याचा नायक, पांढरा फेटा, हातात बैलाचा चाबूक. आणि समोर त्याचा मुलगा, घागरा घातलेला, डोळ्यांत काजळ. ढोलकी बंद पडली. हिरासिंगनं मुलाला हात लावला नाही. फक्त विचारलं, "कुणी फूस लावली?" लखीरामची हनुवटी थरथरायला लागली. काजळ गालावर उतरलं. त्या काजळाकडे भावसिंगला बघवेना, एवढंच झालं. त्यात काही मोठेपणा नव्हता, विचारही नव्हता. तो म्हणाला, "मी." आणि लखीराम जमिनीकडे बघत राहिला. नायकानं मुलाला गाडीत बसवून नेलं आणि भावसिंगला सांगितलं, तांड्यावर पाय ठेवू नको. पुढं सहा वर्षं त्याची याडी, त्याची आई, आठवडी बाजाराला यवतमाळला येऊन त्याला भेटायची. ज्वारीच्या पिठाचं गाठोडं द्यायची आणि गाल चाचपून बघायची, वाळला का म्हणून.

आणि हा छापखाना? तोही त्याच दोन वर्षांतला. धावजीनं एकदा हौसेनं फडाची जाहिरात छापायला टाकली होती, आणि ती आणायला भावसिंग या गल्लीत आला होता. घनश्यामजींचे वडील तेव्हा गादीवर होते. अक्षर न ओळखणारा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा शिशाच्या खिळ्यांकडे इतका वेळ बघत उभा राहिला, की म्हाताऱ्यानं एक खिळा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "हा ध. धावजीचा ध." तेच त्याचं पहिलं अक्षर. लखीराम गेल्यावर फड मोडला, आणि धावजीनंच त्याला इथं आणून सोडलं. तो वाचायला शिकला तो खिळ्यांवरूनच, उजवीकडून डावीकडे, उलटा. सुलटं वाचणं नंतर आलं. म्हणजे त्या दोन वर्षांतून त्याला अक्षर मिळालं होतं, पोट मिळालं होतं, हंसाबाई मिळाली होती. आणि लखीरामच्या हिशेबी ती वाया गेली होती.

बुधवारी सकाळी तो लवकर आला. पानाचा जुळवलेला मजकूर दोरीनं बांधून टेबलावर ठेवला होता. छपाईचं ट्रेडल मशीन अजून थंड होतं. त्यानं काय करायचं ठरवलं होतं असं नाही. 'चिखल' बदलायचा त्याच्या मनात आलंच नाही; शिवी ज्याची त्याला लखलाभ. त्याची नजर दुसऱ्या ओळीवर होती. त्यानं चिमट्यानं 'वाया'मधला 'व' उपसला. तिथं एक छोटंसं काळं भोक पडलं. मग 'ग' घेऊन तिथं बसवला. रुंदीत केसाएवढा फरक होता, तो त्यानं कागदाची चिंधी घालून भरला. दोन वर्षे गाया गेली. एकवीस वर्षांत त्यानं दुसऱ्याच्या मजकुरातला काना इकडचा तिकडं केला नव्हता. छाती ढोलकीसारखी वाजत होती, आणि तो आवाज त्याला परका वाटला नाही.

गुरुवारी कवी स्वतः प्रूफ बघायला आला. राळेगावची एस.टी. साडेअकराला लागे; बाराच्या सुमाराला दारात छत्री मिटल्याचा आवाज झाला. गांधी टोपी, कोट, अंग चांगलंच सुटलेलं, ओठांवर कापलेल्या मिशा. या माणसाला घागरा कुठून बसायचा, असं भावसिंगच्या मनात आलं आणि त्यानं हसू गिळलं. लखीराम आत आला, त्यानं खिळ्यांच्या केसेसमागच्या अंधारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही. घनश्यामजींनी खुर्ची दिली, पाणी दिलं, प्रूफ पुढं ठेवलं. लखीराम वाचायला लागला. मनातल्या मनात नाही, हलक्या आवाजात, चालीवर. तो आवाज ऐकताच भावसिंगनं हातातला खिळा खाली ठेवला. अंगावर मेद चढला होता, मिशा आल्या होत्या, पण आवाज पातळ गुळासारखा तसाच होता.

"ऐक मुला, मी सांगतो माझ्या चुकीची कथा, दोन वर्षे गाया..." आवाज थांबला. लखीरामनं बोट ठेवून पुन्हा वाचलं. "गाया गेली."

घनश्यामजी पुढं झुकले. कागद बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. त्यांचा चेहरा पडला. "माफ करा गुरुजी. भावसिंग! हे काय केलंस? संमेलनाचं काम आहे बाबा, दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर उद्यापासून कोण कागद टाकणार आपल्याकडे?"

भावसिंग हे नाव खोलीत पडलं आणि लखीरामनं मान वर केली. भावसिंग केसेसमधून बाहेर आला, काळे हात पाठीमागे धरून. आपली नोकरी या क्षणी त्या टोपीवाल्याच्या जिभेवर आहे हे त्याला कळत होतं. आणि तरी टरबुजाच्या वाडीतलं ते दाबलेलं हसू वर येऊ पाहत होतं.

"हे आपण जुळवलंत?" लखीरामनं विचारलं. शुद्ध पुस्तकी भाषा.

"हो. मीच."

"चूक झाली, की..."

"चूक नाही झाली."

लखीरामनं खिशातून पेन्सिल काढली, 'गा'वर टेकवली, आणि तशीच धरून ठेवली. त्याची हनुवटी हलायला लागली. घनश्यामजींना त्याचा अर्थ कळला नसेल, भावसिंगला कळला.

"शेठजी," लखीराम म्हणाला, "जरा आम्ही बाहेर बोलतो."

बाहेर गल्लीत, सायकलवाल्याच्या दुकानापुढच्या बाकावर दोघं बसले. छत्री दोघांच्या मधे. बोलायला दोघांनाही भाषा सापडेना. शाळेतली चालेना, तांड्यावरची एकमेकांशी बोलून एकवीस वर्षं झालेली. शेवटी लखीरामच म्हणाला, आणि त्याची पुस्तकी भाषा पहिल्याच वाक्यात गळून पडली. "तू इथं हायस हे मले मालूम नव्हतं, भिया. खरं सांगतो."

"मालूम असतं तं काय लिहिलं असतं? दगड?"

लखीराम हसला नाही. "बापापुढं गप राह्यलो ना मी. मंग घरी तेच सांगितलं. मास्तरकीच्या कालेजात तेच सांगितलं, बायकोले तेच सांगितलं. सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं. लिहिताना तं तुहं तोंडबी नाही आलं समोर. यमक जुळलं, झालं."

हे ऐकून भावसिंगला राग यायला हवा होता. त्यानं आत चाचपून पाहिलं, सापडला नाही. उलट एक ओझं उतरल्यासारखं झालं. म्हणजे नाल्याजवळ मागं वळून 'येतं का राहतं' म्हणणारा तोच होता. आपलं आठवणं खरं होतं. तो म्हणाला, "पण लिहिली काहून ही कविता? इतक्या वर्षांनी कोणाले सांगून राह्यला?"

लखीरामनं छत्रीची मूठ फिरवली. "देवसिंगले. मोठा पोरगा माहा. अठरा वर्षांचा हाय. ट्रेनिंगले घातलं होतं, महिना झाला, कोण्या टुरिंग टाकीजवाल्यासंगं पळाला. चिठ्ठी ठेवून गेला, मले मास्तर नाही व्हायचं म्हणून. त्याच्या याडीनं डोळे सुजवून घेतले. मी गावात तोंड दाखवतो ते कसं ते मलेच ठाऊक; दुसऱ्याच्या पोराले शिस्त शिकवणारा हेडमास्तर! म्हटलं, स्मरणिका गावोगाव जाते, कुठंतरी त्याच्या हाती लागन, वाचन, येईन."

आणि मग भावसिंगला ते हसू आलंच. आधी नाकातून, मग पोटातून. तो बाकावर पुढं वाकला आणि हसत सुटला. सायकलवाला पंपाचा दांडा धरून बघायला लागला.

"हासतं काय बे?"

"तुह्या बापानं..." त्याला बोलता येईना. "हिरासिंग नायकानं जर पांढरकवड्यात चाबकाऐवजी कविता आणली असती, तं आला असता का तू?"

लखीरामनं तोंड घट्ट मिटून धरलं. गाल फुगले, कान लाल झाले, टोपी हलायला लागली. मग तोही फुटला. दोघं म्हातारपणाच्या वाटेवरचे पुरुष भर दुपारी गल्लीत बसून एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते, आणि एकाच्या काळ्या हाताचे डाग दुसऱ्याच्या कोटावर उमटत होते. हसता हसता लखीरामच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेना, आणि ते हसण्याचं आहे की दुसरं कशाचं, हे भावसिंगनं विचारलं नाही.

"टाकीजचं नाव काय म्हणला?" त्यानं थोड्या वेळानं विचारलं. लखीरामनं नाव सांगितलं. भावसिंग उठून उभा राहिला. "अबे, त्यांच्या जाहिराती गेल्या हप्त्यात मीच जुळवल्या. तंबू बोरीले लागला हाय. उद्या बाजार हाय तिथं."

आत जाऊन लखीरामनं प्रूफ पुन्हा हातात घेतलं. 'गाया' तसंच ठेवलं. सोबत्याच्या कडव्यावर पेन्सिलीनं दोन तिरप्या रेघा मारल्या आणि खाली सही केली. घनश्यामजी म्हणाले, "अहो, मग पानात चार बोटं जागा रिकामी राहील." भावसिंग म्हणाला, "वेलबुट्टीचा ठोकळा टाकतो जी," आणि पुढं म्हणाला, "उद्या मले सुट्टी पाहिजे." घनश्यामजींनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, लखीरामच्या कोटावरच्या हातांच्या ठशांकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

रात्री लखीराम भावसिंगच्याच घरी उतरला. हंसाबाईनं त्याला वाढताना भाकरी अशी आपटली की ताट वाजलं. लखीरामनं हात जोडले आणि बोलीतच म्हणाला, "वहिनी, चुकलो." तिनं त्याच्या ताटात तुपाची धार सोडली. एवढ्यावर मिटलं.

सकाळच्या गाडीत लखीराम खिडकीशी बसला होता. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. वाटेत त्यानं चार वेळा विचारलं, "भेटल्यावर काय म्हणू? घरी चाल म्हणू? का रागावू?" भावसिंग म्हणाला, "पहिले आयकून तं घे त्याले." त्याला स्वतःलाही धास्ती वाटत होती. हिरासिंग नायकही बैलगाडीत बसून आला तेव्हा रस्ताभर काहीतरी ठरवतच आला असेल. लखीरामच्या हातात चाबूक नव्हता, छत्री होती. पण मारायला बापाच्या हाताला काय लागतं?

बोरीचा बाजार भरला होता. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांच्या माळा, गुळावर घोंगावणाऱ्या माश्या, आणि त्या सगळ्यावरून तरंगत येणारा एक आवाज. दोघंही एकदम थांबले. बाजाराच्या मधोमध बैलगाडी उभी होती, तिला दोन्ही बाजूंनी रंगीत फळ्या बांधल्या होत्या, आणि वर पत्र्याचा भोंगा तोंडाशी धरून एक सडसडीत पोरगा संध्याकाळच्या खेळाची गोष्ट सांगत होता. खलनायकाचं बोलताना त्याचा आवाज घोगरा व्हायचा आणि नायिकेचं बोलताना तो अशी काही मान मुरडायचा, की बांगडीवालीच्या भोवतीच्या बाया पदर तोंडाशी नेऊन खिदळत होत्या. भावसिंगला लखीरामकडे बघायची हिंमत होईना. त्यानं नुसताच त्याचा दंड धरला. दंड आधी दगडासारखा कडक होता. हळूहळू तो सैल पडला, आणि मग भावसिंगच्या लक्षात आलं, की लखीरामचं उजवं पाऊल मातीत ताल धरून आहे.

तेवढ्यात पोराची नजर त्यांच्यावर पडली. नायिका अर्ध्या वाक्यात गप्प झाली. भोंगा खाली आला. लोक माना वळवून बघायला लागले, आणि त्यांनी वाट दिली तसा लखीराम चालत गाडीपाशी गेला. देवसिंगनं एक पाय मागं घेतला. "बा..." तो म्हणाला, आणि त्याची हनुवटी थरथरली.

लखीरामनं टोपी काढली, कपाळाचा घाम पुसला, टोपी पुन्हा घातली. "दिवाळीले घरी ये," तो म्हणाला. "तुही याडी वाट पाहून राह्यली." मग थोडं थांबून, शेजारच्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात, "अन् भोंगा खाली काहून ठेवला? धर तोंडाशी. आवाज गळ्यातून काढून राह्यला तू, चार वाजेपर्यंत बसून जाईन. पोटातून काढ. बेंबीपासून."

देवसिंग एकदा बापाकडे, एकदा शेजारच्या काळ्या हातांच्या अनोळखी माणसाकडे बघत राहिला. मग त्यानं भोंगा उचलला आणि पोटभर श्वास घेतला.